हरीण सगळ्यांचं, बांध आपापला

आमच्या ओढ्याकाठी संध्याकाळी चरायला येणारी हरणं आमची नाहीत. जमीन आमची, गवत आमचं, त्यांनी शेंडे खुडलेली सफरचंदाची रोपंही आमची. हरणं मात्र पेनसिल्व्हेनियाच्या जनतेची, आणि जनतेच्या वतीने राज्याने ती सांभाळायची. अमेरिकेत वन्यप्राण्यांच्या बाबतीत हा जुना दंडक आहे. शिकारीचा परवाना राज्य देतं, हंगाम राज्य ठरवतं, एका परवान्यावर किती हरणं मारायची हेही राज्यच सांगतं. पण तो परवाना खिशात आहे म्हणून कुणाला माझ्या जमिनीत पाऊल टाकता येत नाही. प्राणी सगळ्यांचा आणि जमीन एकाची, या पेचातून शिकारी आणि जमीनमालक यांच्यातला सगळा व्यवहार जन्माला आला आहे.

मी मूळची गुहागर तालुक्यातली. मध्य पेनसिल्व्हेनियातल्या एका दरीत आमची ४० एकर जमीन आहे, निम्मी गवताळ, निम्मी ओकची. मी शिकार करत नाही, घरात कुणीच करत नाही. तरीही दरवर्षी दोन शिकाऱ्यांना आम्ही परवानगी देतो, आणि ती विचार करून देतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात आता बरीच मराठी कुटुंबं गावाबाहेर जमीन घेतात. उन्हाळा सरताना कुणी अनोळखी माणूस दार वाजवून ‘तुमच्या रानात बसू का’ असं विचारतो, तेव्हा ती गांगरतात. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि अमेरिकेतली शिकार फक्त सिनेमात पाहिलेल्या गावाकडच्या माणसांसाठीही.

या राज्याच्या १७७६ च्या घटनेत लोकांना स्वतःच्या जमिनीवर आणि कुंपण न घातलेल्या इतर सगळ्या जमिनींवर हंगामात शिकार करायची मोकळीक दिलेली होती. युरोपातल्या बऱ्याच भागांत शिकार ही राजाची, जमीनदाराची मक्तेदारी; ती इथे नको, हा त्यामागचा विचार. त्या विचाराचा मला आदर वाटतो. त्याची दुसरी बाजू अशी की ‘येऊ नका’ हे सांगायची जबाबदारी मालकावर आली, आणि झाडाझाडांवर पाट्या लागल्या. मधल्या काळात जंगलं तुटली, बाजारासाठी बेसुमार शिकार झाली आणि विसावं शतक उजाडताना इथली हरणं जवळजवळ संपली होती. १८९५ मध्ये राज्याने गेम कमिशन स्थापन केलं, १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली, १९०७ मध्ये माद्या मारायला बंदी घातली. आज परिस्थिती उलटी आहे. लांडगा आणि प्यूमा इथून कधीच नाहीसे झाले, आणि हरणं ओकची रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत खाऊन टाकतात. आमच्या रानात जुनी झाडं आहेत, त्यांच्याखाली नवी पिढीच नाही. परवानगी देण्यामागचं आमचं कारण हे आहे.

आता ४० एकरांचं गणित पाहा. चौरस तुकडा धरला तर प्रत्येक बाजू ४४० यार्डांची, म्हणजे साधारण ४०० मीटरची. बरोबर मध्यावर मचाण बांधलं तरी कुठलीही हद्द २२० यार्डांवर. फुप्फुसातून बाण आरपार गेलेलं हरीणही शे-दीडशे यार्ड सहज धावतं. नेम थोडा चुकला तर कितीतरी जास्त. रायफलची गोळी काही न लागता सुटली तर मैलापलीकडे जाते. म्हणजे एवढ्याशा जमिनीवरची शिकार कधीच एका मालकापुरती नसते. आमच्याकडे झाडलेल्या बाराशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांचा संबंध येतो.

कायद्याने यातला काही भाग उचलला आहे. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत, तिथे राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय, बंदुकीने शिकार करता येत नाही. धनुष्यबाणासाठी हेच अंतर ५० यार्ड आहे. हे वर्तुळ हद्दीपाशी थांबत नाही. शेजाऱ्याचं घर बांधाला लागून असेल तर त्याच्या घराचं वर्तुळ माझ्या जमिनीत येतं, आणि मी दिलेली परवानगी तेवढ्या भागात पुरत नाही. घर भाड्याने दिलेलं असेल तर भाडेकरूला विचारायचं. मला या कायद्यातली ही सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते, कारण तिने सातबारा बघितलेला नाही, घरात झोपलेलं माणूस बघितलं आहे.

आमच्या पूर्वेला एक बाई राहतात. त्यांचे घोडे आहेत आणि त्यांना शिकार मान्य नाही. त्यांच्या हद्दीवरच्या झाडांना जांभळे पट्टे आहेत. २०२० पासून या राज्यात जांभळा रंग म्हणजे ‘प्रवेश बंद’ची पाटी (फिलाडेल्फिया आणि अ‍ॅलेगेनी या दोन काउंट्या वगळून). पट्टा उभा, किमान ८ इंच लांब आणि १ इंच रुंद, जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर, दोन खुणांमध्ये १०० फुटांहून जास्त अंतर नाही. टेक्सासात ही पद्धत १९९७ पासून आहे. पाटी कुणी फाडतं, वाऱ्याने उडते, खिळ्याने झाड जखमी होतं. रंग वर्षानुवर्षं टिकतो.

आमच्याकडे बसणाऱ्या धनुर्धाऱ्याने गेल्या हंगामात बाण मारलेलं हरीण धावत त्या पट्ट्यांपलीकडे गेलं. रक्ताचा माग पानांवर स्पष्ट होता. इथे बरेच जण गृहीत धरतात की जखमी जनावराच्या मागे जाण्याचा हक्क आपल्याला आहेच. पेनसिल्व्हेनियात तो नाही. शिकारी कुत्रा पलीकडे गेला तर नि:शस्त्र जाऊन त्याला आणता येतं, हरणासाठी मात्र मालकाची परवानगी लागते, आणि मालक नाही म्हणाला तर ते हरीण तिथेच राहतं. त्या मुलाने हद्दीशी थांबून मला फोन केला, मी बाईंना केला. हंगाम सुरू व्हायच्या आधी आम्ही तिघांनी त्यांच्या ओट्यावर बसून हे ठरवलेलं होतं: आधी फोन, मग त्या घोडे आत घेणार, धनुष्य गाडीत राहणार, आणि आमच्या घरातलं कुणीतरी बरोबर जाणार. अंधार पडायच्या आत हरीण मिळालं. बाईंचं शिकारीबद्दलचं मत तसूभरही बदललं नाही, आणि ते बदलावं असं मला वाटतही नाही. त्यांनी जनावर कुजत पडू दिलं नाही एवढ्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

पश्चिमेचे शेजारी ऐंशीच्या घरातले, जन्मभर दूधदुभत्याची शेती केलेले. ते स्वतः शिकारी. त्यांच्याकडून मी जे शिकले ते कुठल्या नियमावलीत नाही. मचाण हद्दीला चिकटून बांधायला कायद्याची आडकाठी नाही, पण ते म्हणतात, बसणाऱ्याचं तोंड आतल्या बाजूला हवं, म्हणजे बार आपल्याच मातीत जाईल. हाका घालायचा असेल तर चारही घरी आदल्या दिवशी सांगायचं. परवानगी ज्याला दिली त्यालाच. त्याच्या मेहुण्याला नाही, मित्राला नाही. फाटक उघडं होतं तर उघडं ठेवायचं, बंद होतं तर बंद करायचं. मी त्यात माझी एक अट घातली आहे, परवानगी दरवर्षी नव्याने मागायची. आम्ही ती कागदावर देतो: नाव, गाडीचा क्रमांक, तारखा, आणि नकाशावर काढलेली १५० यार्डांची वर्तुळं. पैसे घेत नाही. १९६६ च्या इथल्या कायद्याने, मोफत जमीन खुली करणाऱ्या मालकाला अपघाताच्या दाव्यांपासून बरंच संरक्षण दिलं आहे. शुल्क घेतलं की ते ढिलं पडतं. जमीन घेतलेल्या आपल्या मंडळींनी हे वकिलाकडून नीट समजून घ्यावं. हरणाचं मांस विकायला बंदी आहे, पण दान करता येतं. १९९१ पासून राज्यभर चालणाऱ्या एका योजनेतून ते अन्नछत्रांत पोचतं. आमच्या दोघांपैकी एक जण दुसरं हरीण नेहमी तिकडेच देतो.

नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, रायफलचा हंगाम उघडतो. शिकाऱ्याला डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भगभगीत नारिंगी रंग अंगावर लागतो. त्या दोन आठवड्यांत पत्रपेटीपर्यंत जातानाही मी नारिंगी बंडी घालते, कुत्र्यालाही घालते. रविवारी बंदुका शांत असायच्या, तेव्हा घोडेवाल्या बाई निर्धास्त फिरायला जायच्या. रविवारच्या शिकारीवरची ती जुनी बंदी २०२५ मध्ये कायद्याने पूर्णपणे उठली. नोकरदार शिकाऱ्यांची अडचण मला कळते, आठवड्यात त्यांना दुसरा दिवस कुठला? पण आमच्या कागदावर रविवार नाही, बाईंसाठी.

जिथे असा कागद आणि असा ओटा नसतो तिथे काय होतं ते वायोमिंगमध्ये दिसलं. रेल्वेला दिलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या जमिनींमुळे तिथे सरकारी आणि खाजगी चौरस बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून पडले आहेत. २०२१ मध्ये मिसूरीच्या चार शिकाऱ्यांनी एका सरकारी चौरसाच्या कोपऱ्यातून समोरच्या सरकारी चौरसात जायला शिडी वापरली. खाजगी मातीला पाऊल लागलं नाही, पण तिच्यावरची हवा ओलांडली, असं मालकाचं म्हणणं. फौजदारी खटल्यात ते निर्दोष सुटले, पुढे लाखो डॉलरचा दिवाणी दावा लढला गेला, आणि २०२५ मध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. निकाल मला योग्य वाटतो. जनतेच्या जमिनीला कुणी खाजगी कुलूप लावू नये. पण चार पावलांच्या वाटेसाठी चार वर्षं कोर्टात गेली.

आमच्या गावाकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आली. तरी रानडुकरं भातात घुसली की रात्री कुणीतरी तारेत वीज सोडतं, आणि ती तार शेजारच्या बांधावर चाललेल्या माणसाच्या पायात येते. अशा बातम्या कोकणातून दरवर्षी येतात. पिकाचं नुकसान खरं आहे, भरपाईला उशीर होतो हेही खरं. पण आपली तार कुठे आहे हे शेजाऱ्याला ठाऊक नसणं, याला मी कुठलंच कारण मानणार नाही.

उत्तरेची जमीन सध्या विक्रीला आहे. जुन्या मालकाशी आमचं तोंडी ठरलेलं होतं, ते नव्याला बांधील नाही. त्यामुळे यंदा उत्तरेकडच्या शंभर यार्डांत कुणालाही बसू द्यायचं नाही, असं दोघांनाही कळवलं आहे. नवे लोक राहायला आले की पश्चिमेचे आजोबा आणि मी नकाशा घेऊन जाऊ. ते शिकारी असतील तर आमच्या कुत्र्याची आणि बाईंच्या घोड्यांची फिरायची वेळ सांगू. नसतील तर विचारू, हरीण तुमच्याकडे येऊन पडलं तर फोन कुणाला करायचा?