तळ दिसेपर्यंत

मे महिन्यात न्यू जर्सीला ताईकडे गेलो होतो. परसातल्या पोहण्याच्या तलावावर थंडीभर ताणून ठेवलेलं आच्छादन त्या शनिवारी काढायचं होतं. भावोजींनी आणि मी दोन टोकं धरून ते गुंडाळत आणलं, आणि खालचं पाणी पाहून मी थबकलोच. उपसा बंद पडलेल्या विहिरीचं असतं तसं ते हिरवंगार झालं होतं. पहिली पायरी दिसत होती, दुसरी नाही. मी काचेच्या पेल्यात थोडं पाणी घेतलं, तर पेल्यात ते जवळजवळ स्वच्छ! उन्हाकडे धरलं तेव्हा कुठे फिकट पोपटी झाक दिसली. ती एवढीशी झाक आठ फूट खोलीत थरावर थर साचली की तळ गिळून टाकते.

ही झाक म्हणजे जिवंत पेशी. अशा पाण्यात हमखास सापडणारं एक शेवाळ म्हणजे क्लोरेला. त्याची एक पेशी इतकी लहान की शंभर-दोनशे पेशी ओळीने मांडल्या तर जेमतेम एक मिलिमीटर भरावा. वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर, पाखरांच्या पायांबरोबर हे शेवाळ येतं. ऊन आणि थोडं खत, म्हणजे कुजलेली पानं, मिळालं की दिवसाकाठी ते सहज दुप्पट होतं. रोज दुप्पट होणारी एकच पेशी तीस दिवसांनी शंभर कोटींच्या वर जाते. याच क्लोरेलाला किरणोत्सारी कार्बन पाजून मेल्विन कॅल्विन यांनी वनस्पती हवेतून साखर कशी घडवतात ते उलगडलं आणि १९६१ चं नोबेल मिळवलं. ज्याला आपण घाण म्हणून उपसतो, त्याने आपल्याला अन्नाचं मूळ दाखवलं, हे मला त्या काठावर उभं असताना फार मोठं वाटलं.

भावोजींनी आधी जाळीने पानं काढली. पानं राहू दिली तर औषध शेवाळाऐवजी पानांवरच खर्ची पडतं. मग भिंती ब्रशने घासल्या, कारण शेवाळाचा चिकट थर आतल्या पेशींची ढाल होतो. त्यानंतर त्यांनी क्लोरीनचा कॅन न उघडता पीएच मोजला. घाई न करण्याचं कारण सुंदर आहे. क्लोरीन पाण्यात पडलं की त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं. हा रेणू विद्युतभाररहित असल्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो. पण पीएच वाढला की तो आपला हायड्रोजन सोडतो, ऋणभारित होतो आणि पेशीच्या दाराशीच अडतो, कारण पेशीचा पृष्ठभागही ऋणभारितच असतो. पीएच साडेसात असताना निम्मं क्लोरीन कामाचं असतं, साडेआठला जेमतेम एक दशांश. म्हणून आधी थोडं आम्ल घालून पीएच ७.२ च्या आसपास आणला. आम्ल आणि क्लोरीन यांच्यात मात्र भरपूर वेळ आणि अंतर ठेवलं. दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू सुटतो.

क्लोरीन ओतलं ते ऊन कलल्यावर. भर उन्हात, काही संरक्षण नसेल, तर तासाभरात निम्म्याहून अधिक क्लोरीन नुसत्या किरणांनी नष्ट होतं. तलावात साधारण पंचाहत्तर हजार लिटर, म्हणजे पंचाहत्तर टन पाणी. त्यात दर दहा लाख भागांना दहा भाग क्लोरीन आणायचं, तर शुद्ध क्लोरीन लागतं फक्त पाऊण किलो! पंप रात्रंदिवस चालू होता. रोज रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी भावोजी क्लोरीन मोजत. रात्री ऊन नसतं, मग जे कमी झालं ते कोणी खाल्लं? ज्यांना मारायचं आहे त्यांनीच. पहिल्या सकाळी जवळजवळ सगळं संपलेलं होतं. पुन्हा ओतलं. चौथ्या सकाळी आकडा जागचा हलला नव्हता, म्हणजे आत आता कोणी उरलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाशिवाय, एका छोट्या नळीतल्या रंगावरून कोट्यवधी जिवांचा ठाव घेण्याची ही पद्धत मला अजूनही थक्क करते.

आणि शेवाळ मारणारा हाच रेणू आपल्या शरीरातही तयार होतो. जखमेत जंतू शिरले की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून जातात, जंतूला गिळतात आणि आत हायड्रोजन पेरॉक्साइड व मिठातला क्लोराइड यांच्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनवून त्याच्यावर सोडतात. तेच, तलावातलं! ते घडवणारं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर स्वतः हिरवट असतं. पुवाला हिरवट छटा येते ती त्याचीच.

पेशीच्या आत ज्या पेरॉक्साइडपासून हे हत्यार घडतं, तेच तलावात ओतलं तर हत्यार बोथट करतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये हे साऱ्या जगाने पाहिलं. ५ ऑगस्टला तिथल्या तलावांत ऐंशी लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड पडलं. पेरॉक्साइड आणि क्लोरीन एकमेकांना संपवतात, मागे उरतो प्राणवायू, पाणी आणि निरुपद्रवी क्लोराइड. ९ तारखेला उंचावरून सूर मारण्याचा तलाव पाचूसारखा हिरवा झाला, पुढे शेजारचा वॉटर पोलोचाही. त्यातलं सदतीस लाख लिटर पाणी शेवटी बदलावं लागलं. खेळाडू जिथे उतरतात तिथेही शेवाळ थोड्याशा ढिलाईचीच वाट पाहत असतं.

ताईकडच्या पाण्याचा हिरवा रंग तिसऱ्या दिवशी गेला, पण ते ताकासारखं पांढुरकं झालं. मेलेल्या पेशींमधलं हरितद्रव्य क्लोरीनने विरंजित केलं होतं, पेशींची कलेवरं मात्र तरंगत होती. वाळूच्या गाळणीतून ती निसटतात, इतकी बारीक. शिवाय सगळी ऋणभारित, म्हणून एकमेकांना दूर लोटणारी. अशी धूळ आपणहून बसत नाही. इथे भावोजींनी जी पांढरी पावडर काढली ती पाहून मला आजीचं स्वयंपाकघर आठवलं. ॲल्युमिनियम सल्फेट, आपल्या तुरटीचं भावंडच! पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आजी हंड्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायची. ॲल्युमिनियमचा धनभार कणांचं आपसातलं वैर मिटवतो, कण चिकटून पुंजके होतात आणि बुडतात. त्याआधीच्या पिढ्या निवळीची बी उगाळून घालत. पाणी निवळवणाऱ्या झाडाला दुसरं कोणतं नाव शोभलं असतं?

पावडर मिसळल्यावर पंप बंद करून रात्रभर पाणी हलू दिलं नाही. सकाळी तळावर राखाडी सायीसारखा थर पसरला होता. भावोजींनी व्हॅक्यूमचा दांडा अगदी सावकाश सरकवत तो शोषला आणि गाळणीत न पाठवता थेट बाहेर सोडला. गाळणीत गेला असता तर पुन्हा आत आला असता.

भाची तीन दिवस गॉगल लावून तयार होती. तळातल्या निचऱ्याची जाळी स्पष्ट दिसेपर्यंत कुणीही उतरायचं नाही, हा भावोजींचा नियम होता. गढूळ पाण्यात बुडणारं माणूस काठावरून दिसत नाही, सार्वजनिक तलावांतही हाच दंडक पाळतात. सातव्या दिवशी ती खोल टोकाला पालथी पडून खाली पाहत होती. "मामा, जाळीला दोन स्क्रू आहेत," ती म्हणाली. मीही तिच्या शेजारी पालथा झालो. एका स्क्रूच्या खाचेत हिरवा ठिपका अडकला होता, आठ फूट पाण्याखाली, इतका स्पष्ट की हात घालून पुसावासा वाटला.