पिलांच्या खोलीला गरम पाण्याची ऊब

निफाडकडची थंडी तुम्हाला नव्याने सांगायला नको. २७ डिसेंबर २०१८ रोजी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. असा गारठा पडला की द्राक्षबागेची चर्चा सगळीकडे होते. कोंबडीची पिले सांभाळणाऱ्याची रात्र कशी जाते, ते मात्र त्यालाच ठाऊक.

एक दिवसाच्या पिलाला अंगची ऊब धरून ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवत न्यायची असते. बाहेर सहा-आठ अंश असताना ही ऊब आणायची कुठून? आपल्यापुढे दोनच वाटा असतात, बल्ब नाहीतर शेगडी. बल्ब लावायचा तर पिलामागे दोन वॅट धरतात. २५० पिलांना ५०० वॅट झाले. पण वीज पहाटे तीनला गेली तर सकाळी कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरलेल्या पिलांचा ढीग उचलावा लागतो.

शेगडीचे दुखणे वेगळे. खाली भाताच्या तुसाची गादी, त्यावर एक ठिणगी पडली की संपले. त्याहून वाईट म्हणजे बंद खोलीतल्या कोळशाचा वायू. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला कळायच्या आधी तो रक्तात भिनतो. मी दोन हिवाळे शेगडी लावून त्याच खोलीत राखणीला निजलो. दुसऱ्या वर्षी एका पहाटे डोके फुटायला आले, उठलो तर पाय धरेनात. दारापर्यंत सरपटत गेलो आणि ते उघडता आले, म्हणून आज हे लिहितोय. तेव्हाच ठरवले की विस्तव खोलीच्या बाहेर राहील आणि ऊब तेवढी आत येईल.

ती आत आणायची पाण्याने. यात नवे काही नाही. थंड मुलखातली घरे अशीच तापवतात, आणि परदेशात ट्रकवर खोली बांधून हिंडणारी हौशी मंडळीसुद्धा घरच्या घरी अशी जोडणी करतात. बाहेर पाणी तापवायचे, ते पाइपातून खोलीत फिरवायचे आणि निवलेले पाणी परत तापायला पाठवायचे. पंप लागतोच असे नाही. गरम पाणी हलके म्हणून वर चढते, गार पाणी जड म्हणून खाली उतरते. तापवायचे भांडे पाइपांच्या खाली असले की पाणी आपले आपण फिरते. वीज असो वा नसो.

माझी पिलांची खोली दहा बाय बारा फुटांची, विटांच्या भिंतींची. पाइप मिळाले ते ग्रामपंचायतीच्या लिलावात, निर्लेखित केलेल्या हातपंपांचे. हे सव्वा इंची जी.आय. पाइप दहा-दहा फुटांचे असतात आणि दोन्ही टोकांना आटे तयार असतात. असे १४ घेतले. (ग्रामसेवक मंडळींनी असा माल गोदामात गंजत ठेवण्यापेक्षा वेळेवर लिलाव लावला, तर पंचायतीलाही दोन पैसे मिळतील.)

तापवायला घरातला तांब्याचा बंबच घेतला. भिंतीबाहेर तीन फूट खड्डा खणून त्यात बसवला, वरचे तोंड बंद करून घेतले आणि पाणी भरले. अर्ध्या तासात सांध्यातून धार लागली. चूक बंबाची नाही. तो उघड्या तोंडाने वापरायचा जिन्नस. नऊ फूट उभ्या पाण्याचा दाब अंगावर घ्यायला तो केलेलाच नाही. आईने जे ऐकवले ते इथे छापता येणार नाही. मग बाजारगावच्या वेल्डरकडून जाड पत्र्याचे तसेच भांडे करून घेतले. मधोमध आठ इंची नळकांडे, त्यात लाकूड जळते. भोवती सुमारे ८५ लिटर पाणी. खड्डाही मोठा केला, कारण राख काढायला माणूस आत उतरला पाहिजे.

दुसरी फजिती पाइपांची. चारही भिंतींनी पाइप नेला आणि दाराशी आल्यावर वरून कमान करून पलीकडे उतरवला. भांडे उकळायला आले तरी दारापर्यंतचा पाइप चटका देई आणि पलीकडचा बर्फासारखा गार. पाइप तुंबला असेल म्हणून दोन दिवस ठोकाठोक केली. दुखणे होते कमानीत अडकलेल्या हवेचे. शेवटी दाराची भिंत सोडून दिली आणि उरलेल्या तीन भिंतींवरून पाइप चार ओळींत, पुढे-मागे वळवत आणला. भांड्यातून निघालेले गरम पाणी आधी सरळ सगळ्यात उंच जागी जाते. तिथून परत भांड्यापर्यंत उतारच उतार, दर दहा फुटांना एक इंच. मध्ये कुठे कुबड येऊ द्यायचे नाही.

त्या उंच जागेवरून एक पाइप आणखी वर, दहा लिटरच्या उघड्या डब्यात सोडला आहे. हा डबा कधीही टाळू नका. भांडे आणि पाइप मिळून माझ्याकडे १२५ लिटर पाणी आहे. ते २० वरून ७५ अंशांवर गेले की जवळजवळ तीन लिटरने फुगते. त्याला जागा नसेल तर सांधे उखडतात, आणि कोंडून वाफ झाली तर भांडे बॉम्बसारखे फुटते. म्हणून डब्याच्या वाटेवर व्हॉल्व्ह नको, बूच नको, काही नको.

चाचणी मात्र रिकाम्या खोलीत घ्या. पिले आणून मग प्रयोग करू नका. मी पिलांच्या उंचीवर एक थर्मामीटर आणि बाहेर एक असे टांगले व तासातासाला आकडे वहीत मांडले. पहिल्या रात्री बाहेर आठ अंश, आत जेमतेम २२. जीव खट्टू झाला. ऊब सिमेंटच्या पत्र्यातून वर निघून जात होती. दुसऱ्या दिवशी सात फुटांवर गोणपाटाचे छत ताणले, हवा खेळती राहावी म्हणून दोन झरोके ठेवले. त्या रात्री बाहेर सात होते आणि आत २९. मग पाइपांवर भिंतीपासून दोन फूट उतरता पत्रा लावला, कोंबडीने पंख पसरावेत तसा. पत्र्याखाली ३३ अंश मिळाले.

यापुढे आकडा काही गेला नाही, ते लपवत नाही. त्यामुळे पिले आल्यावर पहिले पाच दिवस पत्र्याखाली दोन बल्ब सोबतीला ठेवले. वीज दोनदा गेली. पिले पाइपांच्या जवळ सरकली, पण ढीग झाला नाही. खरा थर्मामीटर पिलेच असतात म्हणा. कोंडाळे करून चिवचिवत असतील तर थंडी वाजते, लांब पळून चोच उघडी टाकत असतील तर उकडते, आणि सगळीकडे सारखी विखुरली असतील तर तुम्ही झोपायला हरकत नाही.

झोप मात्र अखंड मिळत नाही. विस्तव विझल्यावर साठलेली ऊब दोनेक तास पुरते. १२५ लिटर पाणी २५ अंशांनी निवले म्हणजे तीन हजारांवर किलोकॅलरी देते, त्यापलीकडे नाही. मी नऊ, बारा आणि तीनला लाकूड घालतो. रात्रीला बाराएक किलो सुके जळण लागते. बाभूळ उत्तम, उसाचे पाचट भुरकन जाते. भांड्याभोवती राखेचा जाड थर दाबून भरल्यापासून तीनच्या फेरीला पाणी बऱ्यापैकी गरम सापडते. मोठे भांडे केले असते तर एक फेरी वाचली असती, पण वेल्डरला तेव्हा घाई होती आणि मलाही.

पाणी वारंवार बदलू नका. बोअरच्या जड पाण्याचे क्षार दर भरणीला भांड्यात धरतात. तेच पाणी फिरत राहिले तर त्रास कमी. रोज सकाळी डब्यात चार बोटे पाणी आहे का, तेवढे बघायचे. माझ्याकडे ते आठवडाभर सारखे कमी होत होते. गळती शोधून थकलो. मग एकदा पहाटे पाहिले, तर वस्तीवरची पोरे अंघोळीला भांड्याच्या तोटीतून बादल्या भरून नेत होती आणि पाइपात हवा शिरत होती. आता तोटीला कुलूप आहे, आणि पोरांसाठी झाळून आणलेला जुना बंब पुन्हा अंगणात पेटतो.