असीसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च, जुने गोवे : एका संघाचे चित्रमय चरित्र

फ्रान्सिस्कन संघाचे आठ साधू १५१७ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी एक लहानसे प्रार्थनामंदिर उभारले. १५२१ मध्ये त्या जागी पवित्र आत्म्याच्या नावाने चर्च झाले. पुढे ते पाडून १६६१ मध्ये सध्याची वास्तू बांधण्यात आली; जुन्या चर्चचे प्रवेशद्वार मात्र राखण्यात आले. चुन्याने रंगविलेल्या जांभ्या दगडाच्या दर्शनी भागात काळ्या दगडाचे हे मान्युएल शैलीचे द्वार जुन्या ग्रंथाच्या मुखपृष्ठासारखे वेगळे उठून दिसते.

आतील रचना एकपाखी आहे. दोन्ही बाजूंस प्रत्येकी तीन उपवेद्या आहेत. त्यांच्यामधील भिंतींवर वेलबुट्टीचे रंगकाम आहे. स्थानिक कारागिराचा हात सर्वाधिक जाणवतो तो येथेच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुख्य वेदीवर क्रूसावरील ख्रिस्त आणि फ्रान्सिस यांच्या भव्य मूर्ती असून खाली दारिद्र्य, विनम्रता व आज्ञापालन ही व्रते कोरलेली आहेत. वेदीच्या दोन्ही बाजूंच्या लाकडी फलकांवर संताच्या जीवनातील प्रसंग रंगविले आहेत. पायाखाली आहेत ते सरदार-घराण्यांचे कुलचिन्हांकित थडग्यांचे दगड. दारिद्र्याचे व्रत आणि वैभवाची फरशी यांचा हा शेजार कोणाही अभ्यासकाला थबकविणारा आहे.

चरित्र चित्रांत सांगण्याला साहित्येतिहासाचाही एक संदर्भ आहे. जेझुइट स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापले गेले ते साष्टीत. बार्देश फ्रान्सिस्कनांकडे होता. त्यांच्यातही गास्पार द सांव मिगेल यांच्यासारखे कोंकणीचे व्याकरणकार झाले. परंतु संघाचा एकंदर कल देशी भाषा शिकण्याकडे नव्हता. १६८४ च्या फर्मानाने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा आदेश दिला, त्यास या संघाचा पाठिंबा होता. म्हणून या चर्चमधील फलक केवळ निरक्षरांसाठी काढलेली चित्रे मानणे अपुरे ठरते. पुराण रचण्याऐवजी संघाने जे निवडले, ते हे होय.

१८३० च्या दशकात धर्मसंघ बरखास्त झाले. लगतच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्वीय संग्रहालय आहे. तेथे पोर्तुगीज राजप्रतिनिधींची चित्रे आणि कवी कामोंइश यांचा कांस्यपुतळा आहे. त्याच छपराखाली गोमंतकातील वीरगळ व सतीशिळाही आहेत.