काटा हलेना म्हणून दुसरं ऑपरेशन? पैसे गोळा करण्याआधी एवढं तपासा

वारणानगर : वजन कमी करण्याचं ऑपरेशन, म्हणजे बॅरिॲट्रिक सर्जरी, आता फक्त मोठ्या लोकांची गोष्ट राहिलेली नाही. 2011 साली नितीन गडकरींनी हे ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा आपल्याकडं त्याची बरीच चर्चा झाली होती. पण ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्षात वजन उतरायचं थांबतं, कधी चार-पाच किलो परत चढतं. मग घरात विषय निघतो, दुसरं ऑपरेशन करायचं का? त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढायचं की दागिने ठेवायचे, हाही प्रश्न लगेच येतो.

काटा थांबला म्हणजे ऑपरेशन फसलं असं नसतं. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग काढतात आणि केळीसारखी नळी ठेवतात. भूक मरते, वजन भराभर उतरतं. पण हलकं झालेलं शरीर कमी ऊर्जा जाळतं. त्यामुळं साधारण 12 ते 18 महिन्यांनी वजन थांबणं हे ठरलेलंच आहे. स्वीडनमध्ये रुग्णांना वर्षानुवर्षं तपासून मोठा अभ्यास झाला. त्यात बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं होतं, 10 वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं परत चढणं हेही नेहमीचंच.

एक हिशेब करून बघू. उंची 160 सेंटीमीटर, वजन 110 किलो अशी एक बाई धरा. बीएमआय 25 च्या हिशेबानं तिचं वजन 64 किलो हवं, म्हणजे जादा वजन 46 किलो. त्यातलं निम्मं, 23 किलो गेलं तरी डॉक्टर ऑपरेशन यशस्वी धरतात. ती 87 वर थांबली तर शेजारपाजारचे म्हणणार, "एवढं करून काय उपयोग झाला?" पण शुगरच्या गोळ्या कमी झाल्या असतील, गुडघे चालत असतील, तर उपयोग झालाय. नात्यातल्या लग्नात कोण काय बोललं यावर पोट पुन्हा उघडायचं नसतं.

वजन खरंच बरंच परत चढलं असेल तर आधी ताट बघावं लागतं. लहान झालेल्या जठरात भाकरी-भाजी दोन घासांत अडते, पण पातळ आणि गोड सरळ खाली उतरतं. श्रीखंड, लस्सी, उसाचा रस, चहात बुडवलेली खारी. आपल्या भागात हे सगळं हाताशी, आणि पोट तर भरल्यासारखं वाटतच नाही. हेच चालू असेल तर दुसरं ऑपरेशनही थोड्या दिवसांत तिथंच येऊन थांबतं. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं, थायरॉइडचंही तसंच. म्हणून चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र मनानं बंद करू नका.

त्यानंतर पोटाची तपासणी. एंडोस्कोपी आणि बेरियम पाजून काढलेला एक्स-रे यातून नळी रुंद झालीय का, वरचा भाग फुगलाय का, हे कळतं. तिथं दोष सापडला तर दुसऱ्या ऑपरेशनला आधार आहे. दुसरं ठोस कारण म्हणजे स्लीव्हनंतर छातीत सतत जळजळ आणि रात्री आंबट पाणी वर येणं. औषधानं ते थांबत नसेल तर स्लीव्हचा बायपास करतात आणि बहुतेकांना आराम पडतो. पण फक्त वजनासाठी केलेलं दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं वजन क्वचितच उतरवतं. आत जुने व्रण असतात, त्यामुळं टाके गळण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. बायपासनंतर लोह, बी-12, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. त्या चुकल्या तर रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात.

मुंबईतली एक केस बातम्यांत गाजली होती. 300 किलो वजनाच्या महिलेचं 2015 मध्ये स्लीव्ह आणि 2017 मध्ये बायपास झालं, वजन 86 किलोवर आलं. अशा बातम्या मोबाईलवर फिरतात आणि लोक "आपलंही तसंच करूया" म्हणतात. पण एवढ्या प्रचंड वजनात एका दमात मोठं ऑपरेशन जोखमीचं असतं, म्हणून ते टप्प्याटप्प्यानं करतात. 87 वर थांबलेल्या बाईशी त्याची तुलना नको.

मधला रस्ताही आहे. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही वजनाची इंजेक्शनं 2025 पासून भारतात मिळतात, आणि ऑपरेशननंतर वजन परत चढलेल्यांनाही डॉक्टर ती देतात. ती महागडी आहेत, बंद केली की वजन परत येतं, आणि मेडिकलमधून आपल्या मनानं आणायची नाहीत.

पैशाचंही आधीच विचारून घ्या. आरोग्य विम्यात वजनाच्या ऑपरेशनचा क्लेम बसायला बीएमआय 40 च्या वर लागतो, किंवा 35 च्या वर आणि सोबत हृदयविकार, आटोक्यात नसलेली शुगर असा गंभीर आजार. वरच्या हिशेबातल्या बाईचा बीएमआय 34 येतो. म्हणजे सगळा खर्च घरातून.

सर्जनला भेटायला जाताना पहिल्या ऑपरेशनचा पूर्ण कागद न्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड नव्हे, तर आत नेमकं काय केलं हे लिहिलेली ऑपरेशन नोट. हरवली असेल तर जुन्या दवाखान्यात अर्ज द्या. आणि अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं तुम्ही किती केलीत, हे त्यांना स्पष्ट विचारा.