उभी गाडी, चालता फायरमन

आमच्या लहानपणी घर चालायचं ते कॉलबॉयच्या हाकेवर. वडील वाफेच्या इंजिनावर फायरमन. खानदेशातलं जंक्शनचं गाव. रात्री दोन वाजता, नाहीतर भर दुपारी लोको शेडचा माणूस कडी वाजवायचा. वडिलांनी त्याच्या वहीत सही केली की आई स्टोव्ह पेटवायची. डब्यात भाकरी, सुकी भाजी, ठेचा. सोबत शिधाही असायचा, कारण पुढच्या मुक्कामी रनिंग रूमच्या आचाऱ्याला तो द्यावा लागे.

ही अशी वेळी-अवेळी धावपळ का? थंड बॉयलर तापून पुरेशी वाफ धरायला कित्येक तास लागतात. त्यामुळे कामावरचं इंजिन सहसा विझू देत नसत. शेड रात्रंदिवस जागं. कुणी राख काढतोय, कुणी बॉयलरच्या नळ्यांतली काजळी झाडतोय, कुणी तेल घालतोय. मुलगा क्लीनर म्हणून लागायचा; मग फायरमन, शंटर आणि बऱ्याच वर्षांनी ड्रायव्हर.

मोठ्या इंजिनावर एक ड्रायव्हर आणि दोन फायरमन असत. एक कोळसा फोडून पुढे ओढायचा, दुसरा भट्टीत टाकायचा. नुसता फावडा मारून भागत नसे. कोळसा पातळ पसरावा लागे. ढीग झाला की जाळ गुदमरायचा, वाफ उतरायची. चढ यायच्या आधीच भट्टी तयार हवी. एक डोळा सतत पाण्याच्या काचेवर. बॉयलरमधलं पाणी फार खाली गेलं, तर भट्टीचं छत उघडं पडून तापतं आणि स्फोट होऊ शकतो. म्हणून त्या छतात मऊ धातूची डाट बसवलेली असे. ती वितळली की वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देई.

पण खरी गंमत, किंवा खरं दुखणं, वेगळंच होतं. मालगाडी बाजूच्या रुळावर मेल जाण्याची वाट बघत चार-चार तास उभी राही. बघणाऱ्याला वाटे, माणसं बसून आहेत. पण गाडी उभी असली तरी भट्टी जिवंत ठेवावी लागे, पाणी सांभाळावं लागे. गाडी थांबे, फायरमनचं काम थांबत नसे.

म्हणूनच देशभरातल्या लोको कर्मचाऱ्यांनी १९७३ साली संप केले, तेव्हा त्यांचा मुख्य मुद्दा पगारापेक्षा तासांचा होता. हजेरी लागल्यापासून सुटी होईपर्यंत दहा तास, हे तत्त्व सरकारने त्या ऑगस्टमध्ये मान्य केलं. पुढे मे १९७४च्या मोठ्या रेल्वे संपातही कामाच्या तासांची मागणी होतीच.

वडील घरी आले की आई पाणी द्यायची. ‘किती लांब गेला होतात?’ असं तिने कधी विचारलं नाही. ती विचारायची, ‘आज गाडी किती वेळ उभी होती?’