एचआरच्या बाहेरून जाणारी वाट

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा सीएफओ नोकरी सोडून गेला, तर २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम २०३ संचालक मंडळाला सहा महिन्यांची मुदत देतं. सेबीचे नियम तर नोंदलेल्या कंपनीला साधारणपणे तीनच महिने देतात. तेवढ्यात ती जागा भरावीच लागते. कंपनी सेक्रेटरीचंही तसंच. सीएचआरओ, म्हणजे मनुष्यबळ विभागाचा सर्वोच्च अधिकारी, हे पद मात्र कायद्याने नाव घेऊन सांगितलेल्या प्रमुख पदाधिकाऱ्यांत नाही. मंडळाला वाटलं तर ते हा दर्जा देऊ शकतं, इतकंच. पदाचं वजन असं ज्याच्या त्याच्या कुवतीवर सोडलेलं असल्यामुळे, त्यासाठी माणूस तयार कसा करायचा हा प्रश्न इथे जास्त अवघड होतो. सध्या त्याचं एक ठरलेलं उत्तर आहे. वीसेक वर्षं एचआरमध्येच भरती, प्रशिक्षण, वेतनरचना अशा पायऱ्या चढायच्या आणि शेवटी एखाद्या नामवंत संस्थेचा काही महिन्यांचा सीएचआरओ अभ्यासक्रम करायचा. ही तयारी उशिरा सुरू होते आणि तिची जागाही चुकते, असं माझं मत आहे. पस्तिशी-चाळिशीत धंद्याच्या नफ्यातोट्याची झळ न लागलेल्या माणसाला पन्नाशीतला अभ्यासक्रम फार तर बोलायला शिकवतो.

नव्या श्रम संहितांचंच पाहा. २१ नोव्हेंबर २०२५ला त्या लागू झाल्या आणि 'वेतना'ची व्याख्या बदलली. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. महिना ६०,००० रुपये मिळवणाऱ्याचं मूळ वेतन आतापर्यंत १८,००० दाखवलं जात असेल, तर ग्रॅच्युइटीसाठी ते आता ३०,००० होतं. दहा वर्षांच्या नोकरीवर पंधरा-सव्वीसांशच्या हिशेबाने पूर्वी सुमारे १ लाख ४ हजार निघत, आता १ लाख ७३ हजार. अशी चार हजार माणसं असतील, तर ढोबळमानाने २७-२८ कोटींचा फरक पडतो, आणि मागच्या सगळ्या वर्षांचा बोजा एकाच तिमाहीत अंगावर येतो. टीसीएस आणि इन्फोसिसला डिसेंबर २०२५च्या तिमाहीत याच कारणाने प्रत्येकी हजार कोटींहून अधिक रक्कम वेगळी काढावी लागली. पगाराची विभागणी एचआरने ठरवलेली असते, पण तिचा परिणाम ताळेबंदात दिसतो. तेवढ्यावरही भागत नाही. ग्रॅच्युइटीचं दायित्व काढणारा ॲक्च्युअरी गळतीचा दर आणि पगारवाढीचा अंदाज मागतो, आणि हे दोन्ही आकडे एचआरकडूनच जातात. पाच वर्षांच्या आत सोडून जाणाऱ्याला साधारणपणे ग्रॅच्युइटी मिळत नाही, म्हणून गळती जास्त धरली की दायित्व कमी दिसतं. आढावा बैठकीत गळती हा लाल रंगातला आकडा असतो, ॲक्च्युअरीच्या तक्त्यात तोच आकडा पैसे वाचवतो. हा विरोधाभास ज्याला स्वतःहून दिसतो तो तयार झाला, असं समजायला हरकत नाही. हे दिसायला नफ्यातोट्याच्या पत्रकाखाली आपली सही करावी लागलेली असावी लागते.

दुसरी कसोटी नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटीच्या बैठकीत लागते. कलम १७८ प्रमाणे या समितीत किमान तीन बिगर-कार्यकारी संचालक असतात, त्यांतले निदान निम्मे स्वतंत्र. सीईओचा पगार आणि बोनस यांची शिफारस ही समिती करते, आणि तिच्यापुढची टिपणी बहुधा सीएचआरओ तयार करतो. म्हणजे ज्याच्या हाती आपली वेतनवाढ आहे, त्याच्याच वेतनवाढीचा कागद आपण मांडायचा. या कागदातली सगळ्यात निरुपद्रवी दिसणारी गोष्ट असते तुलनेसाठी घेतलेल्या दहा-पंधरा कंपन्यांची यादी. आपल्यापेक्षा दुप्पट उलाढालीच्या तीन कंपन्या तीत घातल्या की मधला आकडा आपोआप वर सरकतो आणि सीईओला 'बाजारभावापेक्षा कमी' मिळतंय असं सिद्ध होतं. कोणीही खोटं बोललेलं नसतं. त्या तीन कंपन्या यादीत का, हे समितीच्या अध्यक्षांनी विचारण्याआधी सीईओंच्या केबिनमध्ये जाऊन सांगायची हिंमत कोणत्या वर्गात शिकवतात? ती येते आधी कधीतरी 'नाही' म्हणून त्याची किंमत मोजल्याने, आणि समितीच्या बैठकांना चार-पाच वर्षं मागच्या खुर्चीवर बसल्याने. बहुतेक कंपन्यांत सीएचआरओच्या हाताखालचे लोक या बैठकीची स्लाइड बनवतात आणि दाराबाहेर थांबतात.

यावर पहिला आक्षेप कोल्हापूरकरच घेतील. लीना नायर तर एचआरमध्येच वाढल्या ना? कोल्हापूरच्या या मुलीने सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियांत्रिकी केलं, मग जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमधून शिकून १९९२मध्ये हिंदुस्तान लिव्हर गाठलं. २०१६मध्ये त्या युनिलिव्हरच्या सीएचआरओ आणि जानेवारी २०२२मध्ये शनेलच्या जागतिक सीईओ झाल्या. खरं आहे. पण त्यांची सुरुवातीची वर्षं तळोज्यासारख्या ठिकाणच्या कारखान्यांत गेली, आणि कारखान्यातला एचआरवाला विभागात असूनही धंद्यातच असतो. रात्रपाळी, उत्पादनाचं टार्गेट, वेतनकराराची बोलणी, सगळं एकाच दारात येतं. मनुष्यबळ व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्ह अलरिक यांच्या १९९७च्या पुस्तकानंतर एचआरची ही रचना जगभर बदलत गेली. पगारपत्रक एका सेवा केंद्रात, तज्ज्ञ दुसऱ्या केंद्रात आणि प्रत्येक व्यवसायाला एक बिझनेस पार्टनर. खर्च वाचला असेल, पण जुन्या पर्सनल मॅनेजरला जे सगळं नकळत दिसायचं, त्याचा आता एकेकाला एकेकच तुकडा दिसतो. पूर्वी जे नेमणुकीबरोबर आपसूक मिळायचं, ते आता ठरवून द्यावं लागणार.

मग बाहेरचाच माणूस थेट का आणू नये? व्यवस्थापन सल्लागार राम चरण यांनी २०१४मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत जवळपास हेच सुचवलं होतं. एचआरचे दोन तुकडे करा, प्रशासन सीएफओकडे द्या आणि नेतृत्वघडणीचं काम धंद्यातून आलेल्या हुशार माणसांकडे सोपवा. जनरल मोटर्सच्या मेरी बारा कारखाना सांभाळून २००९ ते २०११ एचआरच्या प्रमुख होत्या आणि २०१४मध्ये सीईओ झाल्या. तरी मला हा उपाय अर्धाच पटतो. १८ जुलै २०१२ला मानेसरच्या मारुती कारखान्यातल्या हिंसाचारात एचआरच्या महाव्यवस्थापकांचा जीव गेला. युनियनशी नातं, कंत्राटी आणि कायम कामगारांतली तेढ हे काही जाता जाता शिकायचे विषय नव्हेत. ते अंगात मुरायला वर्षं लागतात. म्हणून माणूस एचआरचाच हवा, मात्र मधली दोन-तीन वर्षं बाहेर काढून परतलेला.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. आकड्यांची भाषा बोलणारा सीएचआरओ शेवटी मालकाचाच माणूस होतो, मग कर्मचाऱ्यांची बाजू कोण मांडणार? हा धोका खरा आहे, आणि अनेक ठिकाणी तसं झालंही आहे. पण आकडे न कळणाऱ्याची सहानुभूती संचालक मंडळाच्या खोलीत टिकत नाही. कपातीचा प्रस्ताव आला की 'लोकांना वाईट वाटेल' म्हणणाऱ्याला गप्प बसवणं सोपं असतं. नव्या भरतीचा आणि प्रशिक्षणाचा खर्च धरून कपातीतली बचत दीड वर्षात संपते, असं जो मांडतो, त्याचं ऐकावंच लागतं.

एचआरबाहेरच्या या बदलीला खरा विरोध होतो तो घरातूनच. चांगला माणूस दोन वर्षं विक्रीच्या विभागीय कार्यालयात किंवा कारखान्यात पाठवायचा, तर आजचे सीएचआरओ नाराज, तिकडचा प्रमुख साशंक, आणि स्वतः त्या माणसाला वाटतं की आपण रांगेतून बाहेर पडलो. परत येताना जागा राखून ठेवण्याचं लेखी आश्वासन आणि बाहेर असताना पदश्रेणी न घटवणं, एवढ्याने निम्मी भीती जाते. दुसऱ्यांच्या वारसांचे तक्ते जो विभाग वर्षभर रंगवतो, त्याच्याच प्रमुखाच्या चौकटीत अनेकदा कोणाचंच नाव नसतं. तेव्हा भागधारकांनी पुढच्या वार्षिक सभेत अध्यक्षांना एवढं जरूर विचारावं: सीएचआरओच्या जागेसाठी कंपनीतली दोन माणसं तयार आहेत का, आणि त्यांनी एचआरबाहेर किती वर्षं काढली आहेत?