सीडी चांगली, तरी धडा उघडेना



आमच्या गटाच्या कपाटात परवा एक जुनी सीडी सापडली. तिच्यात हिशेब शिकवणारे धडे होते. चित्रं हलायची, आवाज यायचा. संगणकात घातली, तर पडद्यावर नुसता कोरा चौकोन! सीडी धड, संगणकही धड. मग बिघडलं काय?

ते धडे फ्लॅशमध्ये केलेले होते. इंटरनेटची पानं आपण ज्यातून बघतो, तो ब्राउझर. पूर्वी त्याला स्वतःहून व्हिडिओ किंवा खेळ नीट दाखवता येत नसत. त्यासाठी वरून एक जोड बसवावी लागे. तिला म्हणतात प्लगइन. फ्लॅश ही त्यातली सगळ्यात गाजलेली. २००५ साली यूट्यूब सुरू झालं, तेही फ्लॅशवरच.

पण फ्लॅशची मालकी एकाच कंपनीकडे, अ‍ॅडोबीकडे होती. आयफोनवर ती कधी चाललीच नाही. तिच्यातल्या त्रुटींतून व्हायरसही शिरायचे. अखेर ३१ डिसेंबर २०२०ला कंपनीने तिची देखभाल थांबवली आणि १२ जानेवारी २०२१पासून तिच्यात काही चालणंच बंद केलं. आमचे धडे तिथेच अडकले.

जुन्या मोबाइलचे चार्जर आठवा. प्रत्येक कंपनीची पिन वेगळी. फोन गेला की चार्जर अडगळीत. पिन सगळ्यांची एक असली, तर शेजारणीचाही चार्जर चालतो. इंटरनेटवरची अशी सामाईक पिन म्हणजे खुली मानकं, म्हणजे सर्वांना वाचता येतील आणि वापरता येतील असे नियम. एचटीएमएल-५ हे त्यातलंच एक. २०१४ साली ते पक्कं झालं. त्यामुळे आता वेगळी जोड न बसवता ब्राउझरच व्हिडिओ दाखवतो.

मराठीनेही हे भोगलंय. पूर्वी मराठी वर्तमानपत्राचं पान वाचायला त्याचा फाँट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसत. युनिकोड हे सामाईक मानक रुळलं, तेव्हा ही कटकट मिटली.

म्हणून गटासाठी कुणी संकेतस्थळ किंवा धडे करून देणार असेल, तर आधी तीन गोष्टी विचारा. कुठल्याही फोनवर उघडेल का? वरून काही बसवावं लागेल का? मराठी युनिकोडमध्ये आहे का?

आणि आज एखादं पान ‘फ्लॅश बसवा’ म्हणालं, तर बसवू नका. तो फसवणुकीचा सापळा असू शकतो.

धडे पुन्हा करायला आम्ही बसलो आहोत. या वेळी ते आपल्या लेकींनाही उघडता यावेत, एवढं बघतो आहोत.